सोंग आणि ढोंग

आमच्या भंडारा जिल्ह्यातील काही कॅथोलिक घरांत अलीकडे एक धाक शिरला आहे. धाक दुष्काळाचा नव्हे, रोगराईचा नव्हे. एका खेळाचा आहे. मुले जेवणाच्या टेबलाभोवती बसतात, कागद-पेन्सिल आणि चित्रविचित्र आकारांचे फासे घेतात, आणि कोणी योद्धा, कोणी वैद्य, कोणी चोर तर कोणी जादूगार होऊन एका कल्पित राज्यातून प्रवास करू लागतात. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हे या खेळाचे सर्वांत प्रसिद्ध नाव. मोबाइलवरून फिरणाऱ्या एका संदेशाने आमच्या काही बंधुभगिनींना असे पटवून दिले आहे की हा खेळ सैतानाची उपासना शिकवतो, मुलांना वेडाकडे आणि आत्महत्येकडे नेतो, आणि ज्या घरात तो खेळला जातो त्या घरात जपमाळ टिकत नाही. परिणामी एका घरात मुलांच्या वह्या चुलीत गेल्या, दुसऱ्या घरात फासे कचऱ्यात गेले. आम्ही गेली काही वर्षे हा खेळ सहकुटुंब खेळत आहोत, आणि आमच्या घरात जपमाळही आहे. म्हणून या धाकाविरुद्ध चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांला आमचे कर्तव्य वाटते.

प्रथम, ज्याला आपण दोष देतो तो खेळ आहे तरी काय, हे पाहू. खेळणाऱ्यांपैकी एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग उभा करतो : 'पूर आलेली नदी आहे, नावाडी नावेत बसू द्यायला तयार नाही, मागून शिपाई येत आहेत. आता तुम्ही काय करणार?' उरलेले खेळाडू आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतात. जे करायचे ठरवले ते साधेल की नाही याची शंका असेल तेव्हा वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि पडेल ते दान मानायचे. पट नसला तरी चालतो, हारजीत तर नसतेच. सारे मिळून एक गोष्ट रचतात आणि त्या गोष्टीतील बऱ्यावाईटाची फळे त्यांची पात्रे भोगतात. १९७४ साली अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी या खेळाचे नियम तीन लहान पुस्तिकांत छापले. २०२४ मध्ये त्याला पन्नास वर्षे पूर्ण झाली, तेव्हा अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यावर तिकिटे काढली. आजीच्या 'आटपाट नगरा'त श्रोत्यांना बोलण्याची मुभा दिली आणि पुढे काय व्हावे हे त्यांनाच विचारले, तर जे होईल ते म्हणजे हा खेळ.

मग हा धाक आला कोठून? तो भंडाऱ्यात उगवला नाही, महाराष्ट्रातही नाही. तो चाळीस वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतून आलेला शिळा माल आहे. १९७९ मध्ये मिशिगन राज्य विद्यापीठातील सोळा वर्षांचा एक विद्यार्थी एकाएकी बेपत्ता झाला. तो हा खेळ खेळत असे, एवढ्यावरून वृत्तपत्रांनी तर्क लढवला की खेळाच्या नादात तो विद्यापीठाखालच्या भुयारांत हरवला असावा. मुलगा पुढे जिवंत सापडला. तो खोल नैराश्याने पछाडलेला होता आणि खेळाचा त्याच्या जाण्याशी संबंध नव्हता, हे त्याला शोधणाऱ्या खासगी गुप्तहेरानेच १९८४ च्या आपल्या पुस्तकात सांगितले. पण तोवर अफवेला पाय फुटले होते. पुत्रशोकाने विदीर्ण झालेल्या एका मातेने १९८३ मध्ये या खेळाविरुद्ध संघटना स्थापन केली. तिच्या दुःखापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु दुःख खरे असले म्हणून त्याने शोधलेले कारणही खरेच असते असे नाही.

आणि आता, वाचकहो, एक गोष्ट ध्यानात घ्या. या खेळाला सैतानी ठरवणारी जी चित्रपुस्तिका जगभर वाटली गेली ती १९८४ ची, जॅक चिक या प्रचारकाची. तिच्यात एका मुलीचे खेळातील पात्र मरते म्हणून ती गळफास घेते, आणि दुसरी खेळता खेळता खऱ्या चेटकिणींच्या टोळीत सामील होते. आपल्याकडे फिरणाऱ्या संदेशातील मजकूर बहुतांशी याच कथेचा नातू शोभतो. हेच चिक महाशय आणखी कशाला सैतानी म्हणत असत? आपल्या ख्रिस्तसभेला! पोपमहोदयांना त्यांनी शत्रू ठरवले, मरियामातेच्या भक्तीला मूर्तिपूजा म्हटले, आणि १९८८ च्या एका पुस्तिकेत परमपवित्र ख्रिस्तशरीराची इतकी ओंगळ टवाळी केली की तिचा तपशील या पानावर देणे आम्हांला शोभणार नाही. ज्याने आपल्या वेदीवरील भाकरीत सैतान पाहिला, त्यानेच मुलांच्या फाशातही तो पाहिला. अशा माणसाची साक्ष आपण कॅथोलिकांनी डोळे मिटून मान्य करावी आणि तिच्यावर विसंबून आपल्या मुलांच्या वह्या जाळाव्यात, याला काय म्हणावे? साप म्हणून भुई धोपटणे आपण ऐकले आहे. येथे तर साप दाखवणाऱ्याच्या हातातच आपल्या घराची कुऱ्हाड आहे.

तथापि, आक्षेप घेणारा कोण आहे एवढ्यावरून आक्षेप खोटा ठरत नाही. तो गुणदोषांवर तपासला पाहिजे. सर्वांत गंभीर आक्षेप जादूटोण्याचा. ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत निःसंदिग्ध आहे. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिकवणीत परिच्छेद २११६ आणि २११७ मध्ये भविष्यकथन, मृतात्म्यांना बोलावणे, जादूटोणा या सर्वांचा स्पष्ट निषेध आहे. त्यातील एका अक्षरालाही आम्ही बाधा आणू इच्छित नाही. परंतु निषेध कशाचा आहे? गूढ शक्ती वश करून त्या वापरण्याच्या प्रयत्नाचा, म्हणजेच देवाचा अधिकार चोरण्याचा. 'माझ्या जादूगाराने दरवाजा उघडला' असे टेबलावर बसून म्हणणाऱ्या मुलाने कोणतीही शक्ती वश केलेली नसते. त्याने एक वाक्य उच्चारलेले असते, आणि ते वाक्य गोष्टीतले आहे हे त्याला, त्याच्या बहिणीला आणि चहाचा कप घेऊन शेजारी बसलेल्या आजोबांनाही पक्के ठाऊक असते.

हा भेद समजण्यासाठी आमच्या झाडीपट्टीच्या माणसाला पोथी उघडावी लागत नाही. दिवाळी झाली, भाऊबीज आली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दंडार उभी राहते, खडी गंमत रंगते, रात्रीच्या नाटकाला बैलगाड्यांऐवजी आता मोटारसायकली लागतात, एवढाच काय तो फरक. धान कापणाऱ्या हातांनी कोणी राजाचे सोंग घेतो, कोणी राक्षसाचे, मिशा उतरवून कोणी राणीचे. संवाद पुष्कळदा तेथेच सुचतात आणि तेथेच बोलले जातात. पहाटे रंग पुसला की राक्षस पुन्हा बांधावर जातो. राक्षसाचे सोंग घेतले म्हणून त्याला गावाने कधी वाळीत टाकले नाही. उलट याच रंगभूमीची सेवा करणारे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आले. आमची मुले टेबलाभोवती जे करतात ते या दंडारीचेच धाकटे भावंड आहे. प्रेक्षक तेवढे नाहीत, कारण सारेच सोंगाडे आहेत.

आणि दंडार दूरची वाटत असेल तर आपल्या मंदिराच्या अंगणात पाहू या. नाताळच्या नाटिकेत दरवर्षी कोणी ना कोणी हेरोद होतोच. प्रायश्चित्तकाळात क्रूसाची वाट साकारताना कोणाला तरी प्रभूवर चाबूक उगारावा लागतो, कोणाला तरी यहूदा व्हावे लागते. त्या मुलाने पापनिवेदन करावे असे कोणी धर्मगुरू सांगतात काय? संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ च्या नाताळात ग्रेच्चो गावी जिवंत बैल आणि गाढव आणून गव्हाणीचा देखावा उभा केला, तेव्हा गावकरी केवळ पाहायला आले नव्हते. मशाली घेऊन आलेले ते लोक त्या रात्रीपुरते बेथलेहेमचे झाले होते. संत इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधने'ला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली. त्यातील ख्रिस्तजन्माच्या चिंतनात ते साधकाला काय सांगतात? तू त्या गव्हाणीत एक गरीब, अपात्र दास म्हणून हजर आहेस असे समज, मरिया आणि योसेफ यांच्याकडे पाहा, त्यांना हवे नको ते बघ. डोळे मिटून एक भूमिका घेणे आणि त्या भूमिकेत राहून देवपुत्राची सेवा करणे, ही ख्रिस्तसभेने मान्य केलेली प्रार्थनापद्धती आहे. खेळ ही प्रार्थना आहे असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच की कल्पनाशक्ती ही देवाने दिलेली आहे, सैतानाने उधार दिलेली नाही.

या खेळाच्या कल्पित राज्याचा एक मोठा झराही आपल्याच अंगणातून वाहत गेला आहे. खेळाच्या पहिल्या पुस्तिकांत हॉबिट नावाचे बुटके लोक होते. पुढे हक्कांच्या वादामुळे ते नाव वगळावे लागले. ते नाव जे. आर. आर. टोल्किन यांच्या कादंबऱ्यांतले. टोल्किन कॅथोलिक होते. १९०४ मध्ये आई वारल्यावर बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी त्यांचा सांभाळ केला. आपली महाकादंबरी मुळात कॅथोलिक आहे असे त्यांनी स्वतः १९५३ मध्ये एका जेझुइट मित्राला कळवले होते. त्यांच्या गोष्टीत राक्षस आहेत, काळी जादू आहे, आणि त्या सर्वांवर मात करते ती दोन लहान माणसांची निष्ठा आणि दया. राक्षस गोष्टीत आहे की नाही याला महत्त्व नाही. गोष्ट कोणाच्या बाजूने उभी आहे, याला आहे.

आता 'खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय' या आक्षेपाकडे वळू. तो घेणाऱ्यांत काही अत्यंत धार्मिक माणसे आहेत, म्हणून त्यांना आम्ही त्यांच्याच आचार्यांकडे पाठवतो. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या धर्मसिद्धांतसंग्रहात खेळाचा विचार सद्गुणांच्या विवेचनात केला आहे. सतत ताणलेले धनुष्य मोडते, तसे विसाव्याविना मनही मोडते, ही प्रेषित योहानाची जुनी कथा ते तेथे सांगतात. एवढेच नव्हे, स्वतः कधी न हसणाऱ्या आणि दुसऱ्याच्या विनोदात विरजण घालणाऱ्या माणसाच्या ठायी दोष आहे, असा निवाडाही देतात. अर्थात खेळाला मर्यादा हवी, हेही त्यांचेच म्हणणे. मिस्सा चुकवून, परीक्षा बुडवून, रात्र जागून जो खेळ चालतो त्याची वकिली आम्ही करत नाही. आमच्या घरी रविवारी संध्याकाळी तीन तास, असा नियम आहे. प्रायश्चित्तकाळात शुक्रवारी फासे कपाटात असतात.

त्या तीन तासांत होते तरी काय? एक नमुना देतो. भंडारा हा तलावांचा जिल्हा. म्हणून आमच्या कल्पित राज्यातही एक मालगुजारी तलाव आहे. त्याच्या पाळीवर एक अजस्र सर्प वेटोळे घालून बसला होता आणि गावाला पाणी मिळत नव्हते. मुलांनी तीन रविवार खर्चून सर्प हटवला. वाटले, गोष्ट संपली. पण सूत्रधाराने विचारले, 'पाणी आधी कोणाला? वरच्या बांधाला की खालच्या?' वरच्या बांधाचे लोक लढायला आले होते, खालच्या बांधाची धाने करपत होती. दीड तास वाद झाला. फासा हा वाद सोडवू शकत नव्हता, कारण तो बळाचा निकाल देतो, न्यायाचा देत नाही. त्या राज्याची राणी आमच्या घरातली तेरा वर्षांची मुलगी होती. तिने पाणी खालच्या बांधाला दिले. त्याच रात्री तलावाची तूम फोडून पाणी चोरणारा एक माणूस तिच्यापुढे आणला गेला. तिने त्याला क्षमा केली. पुढच्या रविवारी त्याने पुन्हा चोरी केली. तेव्हा ती सूत्रधाराकडे नव्हे, आजोबांकडे वळून म्हणाली, "आजोबा, आता पुन्हा माफ करायचं का? किती वेळा?"

हा प्रश्न पेत्राने प्रभूला विचारला होता. मत्तयच्या शुभवर्तमानातील ते उत्तर तिला धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ होते. पण प्रश्न तिचा स्वतःचा झाला तो त्या रविवारी, कारण क्षमेची किंमत तिच्या गावाला मोजावी लागणार होती. आजोबांनी उत्तर दिले नाही. ते म्हणाले, "आधी शुभवर्तमान आण." खेळ थांबला, पुस्तक उघडले गेले आणि रात्रीचे जेवण तासभर लांबले. आम्ही सर्वांना नम्रपणे विचारतो : सैतानाची उपासना ती हीच काय?

ऑनलाइन मित्रांचा आक्षेप मात्र आम्ही हसण्यावारी नेणार नाही. आमच्या जिल्ह्यात कॅथोलिक घरे मोजकी आणि विखुरलेली. साकोलीच्या मुलाला आपल्या धर्माचा, आपल्या वयाचा सोबती गावात मिळेलच असे नाही. शिबिरात भेटलेला वसईचा मित्र, पुण्यात शिकणारी मावसबहीण, आखाती देशात नोकरीला गेलेले काका, ही सारी मंडळी पडद्यावरून आमच्या टेबलाशी येऊन बसतात. दूर गेलेल्यांना जवळ आणणारे साधन म्हणून आम्ही त्याचे ऋणी आहोत. परंतु पडद्यापलीकडे अनोळखी माणसेही असतात आणि त्यातील काहींचे हेतू काळे असतात. म्हणून नियम हवेत आणि ते मोठ्यांनी पाळायला हवेत. ज्याला घरातील कोणी प्रत्यक्ष ओळखत नाही त्याला टेबलाशी जागा नाही. मुलांचा खेळ बैठकीच्या खोलीत, सर्वांदेखत. मुलांशी कोणी स्वतंत्र, खासगी बोलणे करायचे नाही. छायाचित्र, पत्ता, शाळेचे नाव कोणाला द्यायचे नाही. जो साहित्यप्रकार सैतानपूजेचे वा अश्लीलतेचे गोडवे गातो तो कपाटातच काय, घरातही नको. ही सावधगिरी खेळापुरती नाही. मुलाच्या हातात मोबाइल दिला त्या दिवसापासूनच ती लागू व्हायला हवी होती.

खर्चाचा आक्षेप तर दोन ओळींत संपतो. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, हे आम्हीही जाणतो. परंतु २०२३ च्या जानेवारीत या खेळाच्या मूळ नियमांचा मोठा भाग मालकांनी सर्वांसाठी खुल्या परवान्याखाली मोफत उपलब्ध केला. फाशांचा एक संच, एक वही आणि चार माणसे एवढे भांडवल पुरते. याउलट ज्या खेळांनी घरे बुडवली ते पैसे लावून मोबाइलवर खेळायचे खेळ. त्यांना आळा घालण्यासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला कायदा करावा लागला, आणि त्या कायद्यानेही पैशाचा खेळ आणि निव्वळ करमणुकीचा खेळ यांत भेद केला आहे. जो भेद दिल्लीला दिसतो तो आपल्याला दिसू नये काय? मोबाइलवर पत्त्यांचा डाव मांडून पगार हरणाऱ्या बापाने मुलाचे फासे फेकून द्यावेत, हा न्याय कोणता?

येथे आम्ही आमच्या मुद्द्याच्या गाभ्याशी येतो. शुभवर्तमानात प्रभू येशूने ज्यांना सर्वांत कठोर शब्दांत झोडपले ते दांभिक लोक होते. मूळ ग्रीक भाषेत त्यांच्यासाठी वापरलेल्या शब्दाचा जुना अर्थ होता 'नट'. प्रभूचा रोष नाटकावर नव्हता. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून प्रार्थनेचे नाटक करणाऱ्यांवर होता, कारण ते सोंग होते आणि खरे म्हणून खपवले जात होते. मराठीने या दोहोंसाठी दोन वेगळे शब्द जपून ठेवले आहेत. सांगून घेतले ते सोंग, लपवून केले ते ढोंग. सोंग घेणारा आपला चेहरा थोडा वेळ बाजूला ठेवून दुसऱ्याच्या नजरेने जग पाहतो आणि पुन्हा आपल्या चेहऱ्याकडे परततो. ढोंगी माणसाला परतायला चेहराच उरलेला नसतो.

आपल्या घरांना भीती असलीच तर ढोंगाची आहे. रात्री आठ वाजता एकाच खोलीत बसलेली चार माणसे चार पडद्यांत बुडालेली असतात आणि रविवारी त्याच चौघांचे एका बाकावरचे छायाचित्र 'आदर्श कुटुंब' म्हणून सर्वांना पाठवले जाते. बापाला मुलाच्या मित्रांची नावे ठाऊक नसतात. मुलाला शंका पडते, पण ती विचारायची कोणाला? अशा घरात सैतानाला वीस बाजूंच्या फाशाची गरज पडत नाही. ज्या मुलाच्या वह्या जाळल्या त्याचे खेळणे बंद झाले असे कोणी समजू नये. तो खेळतच राहील; फक्त आता दार लावून, अनोळखी माणसांबरोबर, आणि आपल्याला न सांगता खेळेल. वह्या जाळून आपण त्याला सोंग सोडायला शिकवले नाही, ढोंग करायला शिकवले.

म्हणून पालकांना आमची कळकळीची विनंती आहे. संदेश पुढे पाठवण्याआधी एक रविवार मुलांच्या टेबलाशी बसा. कोणते पात्र घेऊ, असे त्यांनाच विचारा. सूत्रधार काय सांगतो, दुष्टाला शेवटी काय फळ मिळते, दुर्बळाच्या बाजूने कोण उभे राहते, हे स्वतःच्या कानांनी ऐका. गोष्ट वाईट वाटेवर जात असेल तर तेथेच बोला. खेळात बोलण्याचा हक्क तुम्हांला आहे, तो चुलीला नाही. धर्मग्रामातील युवकसंघांनाही आम्ही सुचवू इच्छितो की उन्हाळी सुटीतील शिबिरात एक संध्याकाळ या खेळासाठी ठेवावी आणि सूत्रधाराच्या जागी एखाद्या अनुभवी शिक्षकाला किंवा धर्मभगिनीला बसवावे. मग मंडईत दंडार पाहणाऱ्या आजोबांना आणि पडद्यावर पुण्याहून बोलणाऱ्या नातीला एकाच गोष्टीत जागा मिळेल. फासा कोणाच्याही हातातून पडो. गोष्ट कोणी सांगायची, हे आपण ठरवायचे आहे. आपण उठून गेलो तर ती जागा रिकामी राहणार नाही.